घड्याळ वारसा संरक्षण मंडळ (अध्यक्ष: मी)

२ फेब्रुवारी, सकाळी

निवृत्त होऊन वर्ष झालं. आजपासून आयुष्याला दिशा.

पेपरात आतल्या पानावर बातमी आहे. जुन्या घड्याळ कारखान्याच्या वरच्या मजल्यावर जे घड्याळांचं संग्रहालय आहे, ते नगरपालिका बंद करणार. कारण, कोणी बघायला येत नाही. हॉल जिमला देणार. महिनाअखेरीस एक अधिकारी पाहणीला येऊन निर्णय घेईल.

वाचून रक्त उसळलं. वारशाच्या जागी वजनं! मी स्वतः ते संग्रहालय अजून पाहिलेलं नाही, पण वारसा जपायला तो बघितलाच पाहिजे असं थोडंच आहे.

आणि हे काम माझ्याशिवाय करणार कोण? आयुष्यभर दुसऱ्या एका कारखान्यात टाइम ऑफिसचा, म्हणजे हजेरी खात्याचा, हेड होतो. शेकडो माणसांचा वेळ माझ्या हातात होता. सौ. म्हणते, त्यातलं एक मिनिटही कधी घरच्या वाट्याला आलं नाही. तिला विनोद करायची सवय आहे.

संकल्प: (१) मंडळ स्थापन करणे. (२) रोज सहाला उठणे. दुसऱ्याची सुरुवात उद्यापासून, कारण आज उठेपर्यंत नऊ वाजले होते.

३ फेब्रुवारी

संग्रहालयाला भेट. सकाळी निघायचं होतं, पण इस्त्रीचा शर्ट सापडेना. दुपारी पोचलो.

जागा बरी आहे. लांबच लांब हॉल, मोठ्या खिडक्या. घड्याळं जोडायला कारागीर बसत ती टेबलं अजून तशीच आहेत. कडेला कोपर टेकून टेकून लाकडात खळगे पडलेत. भिंतीवर लंबकाची घड्याळं, कपाटांत गजराची, खिशातली, मनगटावरची. सगळी चालू. हॉलभर टिकटिक. माणूस मात्र एकही नाही.

क्युरेटर बाई एका टेबलाशी बसल्या होत्या. डोळ्याला भिंग लावून घड्याळाच्या पोटात बघत. वर न बघताच म्हणाल्या, तिकीट? मी म्हणालो, मी मदत करायला आलोय. त्या म्हणाल्या, मग तिकीट काढा, तीच मदत.

काढलं. या बाईंना जनसंपर्क अजिबात जमत नाही. संग्रहालय का चालत नाही ते पहिल्या पाच मिनिटांत माझ्या लक्षात आलं. सांगणारही होतो, पण त्यांनी भिंग काढलंच नाही.

६ फेब्रुवारी

मंडळाची पहिली सभा आमच्या घरी. हजर: मी (अध्यक्ष), मेहुणा (शिडी परत द्यायला आला होता, थांबवून घेतला), आणि शेजारचे प्रोफेसर. ते प्रोफेसर नाहीत, पण चष्म्यामुळे सगळे म्हणतात. पेपर मागायला आले होते. सौ.ने चहा केला.

मी तासभर प्रास्ताविक केलं. मेहुण्याने विचारलं, भाऊजी, म्हणजे नेमकं करायचं काय? हा प्रश्न सभेच्या विषयपत्रिकेवर नव्हता. प्रोफेसर झोपले. त्यांचं मत ‘तटस्थ’ म्हणून नोंदवलं.

ठराव: मंडळाचं लेटरहेड छापणे. एकमताने मंजूर.

९ फेब्रुवारी

डोकं उठलंय. प्रेसवाल्याने लेटरहेडवर घड्याळ छापलं ते बिनकाट्यांचं. विचारलं तर म्हणतो, किती वाजलेले दाखवू ते तुम्ही सांगितलंच नाही. जगात जबाबदारी घ्यायला कोणी तयार नाही.

सहाला उठण्याचा संकल्प तूर्त स्थगित. मंडळाचा ताण.

११ फेब्रुवारी, दुपारी

आज एक मोठं काम केलं!

नुसतं बोलून भागत नाही, आधी आपण द्यावं लागतं. विचार करत सोफ्यावर पडलो होतो. समोर भिंतीवर सौ.च्या माहेरचं घड्याळ. तिच्या वडिलांचं. ते गेल्यावर ती इकडे घेऊन आली. इकडे आल्यावर थोड्याच दिवसांत बंद पडलं. दुरुस्तीला न्यायचं माझ्या यादीत पहिल्यापासून आहे. पण यादी मोठी.

म्हटलं, ठरलं. मंडळाकडून पहिली देणगी! सौ. भाजी आणायला गेली होती. चादरीत गुंडाळून रिक्षाने नेलं. क्युरेटर बाईंनी ते हातात घेतलं, मागचं दार उघडून बघितलं आणि प्रथमच माझ्याकडे नीट पाहिलं. विचारलं, घरी विचारलंत ना? मी म्हणालो, आमच्या घरी माझाच शब्द चालतो.

सौ.ला आनंदाचा धक्का बसेल.

११ फेब्रुवारी, संध्याकाळी

धक्का बसला.

पिशवी हातात तशीच धरून भिंतीकडे बघत राहिली. घड्याळ होतं तिथला रंग बाकी भिंतीपेक्षा उजळ दिसतो, हे मी घाईत विसरलो होतो. कुठं आहे, विचारलं. मी वारसा, भावी पिढ्या, मंडळाचं धोरण, सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाली, ते बाबांचं होतं. आणि आत गेली.

ती काही भांडली नाही. त्यामुळे विरोध नोंदवायचा प्रश्न आला नाही.

१२ फेब्रुवारी

मेहुण्याचा फोन. तोंडाला येईल ते बोलला. म्हणाला, भाऊजी, ताईने लग्नात काय काय आणलं ते सगळं तुम्ही वापरलंत, निदान बंद पडलेलं तरी तिच्यापाशी राहू द्यायचं होतं. अध्यक्षांशी बोलायची ही पद्धत नव्हे. बेशिस्तीबद्दल त्याला मंडळातून निलंबित केलं. तो म्हणाला, कुठल्या मंडळातून? फोन ठेवला. (त्याने.)

दुपारी प्रोफेसर आले. बसले, वाट बघितली, चहा येत नाही म्हटल्यावर उठले. सौ.ने कालपासून चहा टाकलेला नाही. जेवण वाढते, पण ताट ठेवण्याच्या आवाजावरून काय ते कळतं.

आता मंडळात मी एकटा. निर्णय लवकर होतील.

१४ फेब्रुवारी

सौ. सकाळीच साडी बदलून बाहेर पडली. कुठे, सांगितलं नाही. मी पाठोपाठ निघालो. पाळतीवर नव्हे, माझंही तिकडेच काम होतं. म्हणजे तिकडे जाते आहे हे कळल्यावर निघालं.

ती थेट संग्रहालयात. माझं घड्याळ आहे, परत हवंय, असं क्युरेटर बाईंना म्हणाली. आवाज बारीक, पण ठाम. मी दाराआड. मला वाटलं, आता जुंपणार.

पण बाई म्हणाल्या, तुमचंच आहे, न्या की. फक्त जरा थांबा, कालच साफ केलंय, बंद कशाला नेता? त्यांनी घड्याळ भिंतीला लावलं, किल्ली काढली. सौ.ने हात पुढे केला. म्हणाली, मी देते.

तिने किल्ली दिली ते मी पाहिलं. सावकाश. कान जवळ नेऊन. शेवटी शेवटी अगदी अदबीने, आणि मग थांबली. बाईंनी लंबकाला बोट लावलं. घड्याळ चालू झालं. काटे फिरवून त्यांनी तास पुरा केला तेव्हा टोले पडले. जाडसर, किंचित बसलेला आवाज. सौ. स्टुलावर बसून डोळे पुसायला लागली.

तेवढ्यात एक शिक्षिका शाळेची मुलं घेऊन आली. चुकून, असं वाटतं. त्यांना खाली कुठे तरी जायचं होतं. मुलांनी विचारलं, आजी, तुम्ही का रडता? मग ती सांगायला लागली. बाबा छापखान्यात अक्षरं जुळवायचे. घरात हे घड्याळ सोडलं तर आवाज करायची परवानगी कोणाला नव्हती. रविवारी किल्ली द्यायचा मान भावंडांत पाळीपाळीने मिळायचा. बाबा किल्ली देणाऱ्याच्या मनगटावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, आता स्प्रिंग नको म्हणते आहे, ऐकू येतंय का? तिचं ‘नको’ ऐकू आलं की थांबायचं. बळजबरी करायची नाही. मग प्रत्येक मुलाला कान लावून ऐकायचं होतं.

इतकी वर्षं संसार केला, हे मला माहीत नव्हतं. अर्थात मी कधी विचारलं नसेल. कामाचा व्याप.

निघताना बाईंनी विचारलं, बांधून देऊ? सौ. घड्याळाकडे बघून म्हणाली, राहू दे इथेच. इथं चालतं तरी.

म्हणजे शेवटी माझंच पटलं! थोडं ताणून धरावं लागलं, एवढंच.

१७ फेब्रुवारी

सौ. रोज संग्रहालयात जाते. दुपारचं जेवण झाकून ठेवलेलं असतं. गार. आमटीवर साय आल्यासारखं काहीतरी होतं. तक्रार केली तर म्हणाली, गॅस कुठं आहे माहीत आहे ना? विचारणं सोपं असतं.

ती तिथे मुलांना गोष्टी सांगते म्हणे. शिक्षिकेने दुसऱ्या शाळेला सांगितलं, त्या शाळेने तिसरीला. ठीक आहे. पण या गर्दीला वैचारिक बैठक हवी. ती मी देणार.

२० फेब्रुवारी

माझं व्याख्यान. विषय: ‘वेळेचं नियोजन आणि घड्याळांचा वारसा’. जागा: संग्रहालयाची मागची खोली. बाई आधी नाही म्हणाल्या, मग सौ. त्यांच्या कानात काहीतरी बोलली, मग हो म्हणाल्या. माझ्या नावाचं वजन.

श्रोते तिघे. त्यांतले दोघे स्वच्छतागृह शोधत आले होते, शिष्टाचार म्हणून बसले. तिसरे प्रोफेसर. पलीकडच्या हॉलमध्ये सौ.भोवती मुलांचा गराडा, आणि दर मिनिटाला हशा. दोनदा जाऊन शांत राहायला सांगितलं. दुसऱ्यांदा परत आलो तर श्रोते एकच होते.

प्रस्तावना संपून मूळ विषयाला हात घालणार, तेवढ्यात वॉचमनने दिवे घालवले. बंद करायची वेळ झाली म्हणे. वक्ता बोलतोय हे दिसत नाही? तो म्हणाला, दिवे गेल्यावर काय दिसणार. उद्धट.

२२ फेब्रुवारी

मन अस्वस्थ आहे. माणूस चांगलं करायला जातो आणि लोक टपलेले असतात.

हॉलच्या टोकाला एक उभं घड्याळ आहे, कपाटाएवढं. बाईंचा त्याच्यावर फार जीव. ते मला आज जरा कुरकुरल्यासारखं वाटलं. घरून शिलाई मशीनच्या तेलाची बाटली घेऊन गेलो आणि बाई चहाला गेल्याचं बघून सगळीकडे तेल सोडलं. हात आखडता घेतला नाही. टाइम ऑफिसची पंचिंग मशीन मी अशीच चालू ठेवायचो. (ती बंद पडायची, पण कारण वेगळं होतं.)

बाई आल्या तेव्हा घड्याळाच्या पायाशी तेलाचं थारोळं झालं होतं आणि घड्याळ थांबलं होतं. त्या काय काय म्हणाल्या ते सगळं लिहीत नाही. शेवटचं वाक्य असं की, हे घड्याळ आहे, कढई नव्हे. दोन दिवस सगळं उघडून पुसायला लागेल, तेही पाहणी तोंडावर असताना. सौ. फडकं घेऊन फरशी पुसत होती. मला तेच जास्त लागलं.

आता मला हॉलमध्ये हात मागे बांधूनच फिरायचं असा हुकूम आहे. बघणाऱ्याला वाटतं, अध्यक्ष पाहणी करताहेत. त्यामुळे मान्य केलं.

२६ फेब्रुवारी

उद्या दुपारी बाराच्या सुमारास अधिकारी येणार. बाईंनी उभं घड्याळ चालू केलं आहे. काचा चकचकीत. उद्यासाठी सौ.ने एक शाळा बोलावली आहे. सगळं ठीक आहे, असं त्यांना वाटतं.

पण एक भयंकर गोष्ट फक्त माझ्याच लक्षात आली आहे. भिंतीवरची घड्याळं एकाच वेळी टोले देत नाहीत! एक सुरू होतं, ते संपतं न संपतं तो दुसरं, मग पलीकडचं. बाराचे टोले हॉलभर रेंगाळत राहतात. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, जुनी माणसं आहेत, आपापल्या चालीने येतील. ही वृत्ती! अधिकारी काय म्हणेल? घड्याळांच्या संग्रहालयात वेळेचा पत्ता नाही!

कल्पना करा. बरोबर बारा. आणि सगळी घड्याळं एका दमात, कवायतीसारखी. अधिकाऱ्याच्या अंगावर काटा येईल.

संध्याकाळी बाई काचवाल्याकडे गेल्या. सौ. जिन्यात मुलांना निरोप देत होती. मी हात सोडले. सगळ्या घड्याळांचे काटे माझ्या मनगटावरच्या घड्याळाशी जुळवले. काही गरागरा फेरे देत पुढे, काही मागे. एखाद-दोन मागे नेताना कुरकुरली, पण मी ऐकलं नाही. सासऱ्यांचंही जुळवलं. शिस्त म्हणजे शिस्त.

उद्या मंडळाचा दिवस.

२७ फेब्रुवारी, संध्याकाळी

लिहावंसं वाटत नाही. पण इतिहासाला खरं कळायला हवं.

सकाळभर आम्ही सगळे खाली दाराशी स्वागताच्या तयारीत होतो, वर हॉलमध्ये टोले ऐकायला कोणी नव्हतं. अधिकारी आले. उंच, कंटाळलेला माणूस. आल्याआल्या म्हणाले, पुढे अजून एक पाहणी आहे, लवकर आटपू. मी पुढे होऊन म्हणालो, साहेब, फक्त बारा वाजू द्या.

बारा वाजले.

सगळी घड्याळं एकदम सुरू झाली, हे आधी नोंदवतो. ती वेळ मी साधली. त्यानंतर एक सात टोले देऊन थांबलं. एकाने तीनच दिले. एक अकराला अडखळलं, मग पुन्हा पहिल्यापासून. खिडकीजवळचं एक तर थांबेचना. मी मागे ओढलेलं होतं ते मुकं राहिलं आणि आतून खडखड करायला लागलं. मुलांनी कानांवर हात ठेवले. साहेबांनीही. मी या गोंगाटातून ओरडून सांगत होतो की हा तांत्रिक दोष असून मंडळ त्याची चौकशी करील. सासऱ्यांच्या घड्याळाने चार टोले दिले.

बाईंचा चेहरा पांढरा. त्या सावकाश माझ्याकडे वळल्या. साहेब म्हणाले, मला वाटतं मी पुरेसं पाहिलं. आणि दाराकडे निघाले.

सौ. मध्ये आली. म्हणजे खरंच, वाटेतच उभी राहिली. एरवी अनोळखी माणसासमोर पदर चाचपणारी बाई. म्हणाली, साहेब, कोणीतरी काटे फिरवलेत. (माझ्याकडे पाहिलं नाही.) घड्याळाला काटे दिसत नाहीत हो. किती टोले द्यायचे हे ते आपल्या मनात मोजत असतं. काटे ओढून पुढे नेले तरी त्याची मोजणी मागेच राहते. मग त्याला रागवायचं नाही. जिथे आहे तिथून बोलू द्यायचं, ते येतं आपोआप.

मग वडिलांच्या घड्याळाचं दार उघडलं, काटा हळूच पुढे नेला. पाच टोले. मुलांनी मोजले. पुन्हा नेला. सहा. सात. पोरं ओरडायला लागली. साहेब दाराशी थांबले होते ते दोन पावलं आत आले. सौ.ने त्यांचा हात धरून काट्यावर ठेवला. साक्षात अधिकाऱ्याचा! म्हणाली, तुम्ही न्या, पण प्रत्येक तासाला थांबा, त्याचं बोलणं पुरं होऊ द्या.

साहेबांनी नेलं. आठ. नऊ. बाराव्या टोल्याला बाईंनी लहान काटा बारावर आणून ठेवला आणि सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. साहेबांनी कोट काढला आणि विचारलं, आता कुठलं?

दुपारभर तेच. बाई, सौ., साहेब आणि ती सगळी शाळा एकेक घड्याळ ताळ्यावर आणत होती. साहेबांचा सहायक दोनदा पुढच्या पाहणीची आठवण करायला आला. दुसऱ्यांदा त्यालाच एका घड्याळापाशी उभं केलं. निघताना साहेब बाईंना म्हणाले, आमच्या घरी एक होतं असं, आईने भंगारात दिलं.

मी हात मागे बांधून उभा होतो. इथला कोणीतरी वाटलो असेन, म्हणून एका मुलाने मला विचारलं, आजोबा, स्वच्छतागृह कुठे आहे?

घरी येताना सौ.ला म्हणालो, बघ, मी काटे फिरवले नसते तर हे काहीच घडलं नसतं. ती चालता चालता थांबली. मला वाटलं, आता बोलेल. ती म्हणाली, उद्या तुम्ही घरी आराम करा. परवाही करा.

माझ्या तब्येतीची तिला अजून काळजी आहे.

४ मार्च

पेपरात आलं. संग्रहालय राहणार. जिम दुसरीकडे. कारखान्याचं आवारही संग्रहालयाला जोडून देणार. नवी सल्लागार समिती नेमली आहे. क्युरेटर बाई, एक शिक्षिका, आणि ‘संग्रहालयाच्या मार्गदर्शक’ म्हणून सौ. फोटोसुद्धा आहे. तिच्या मागे कोपऱ्यात माझी बाही दिसते.

मंडळाचा उल्लेख नाही.

मेहुण्याचा फोन आला. ताईला द्या म्हणाला.

६ मार्च

अन्यायापुढे झुकायचं नाही असं ठरवून निषेध म्हणून अध्यक्षपदाचा राजीनामा द्यायला गेलो. घरी आरशासमोर दोनदा म्हणून पाहिला. भारदस्त वाटत होता. बाईंसमोर उभा राहिलो, घसा साफ केला आणि म्हणालो, मी या क्षणी मंडळाच्या अध्यक्षपदावरून दूर होत आहे.

बाईंनी भिंग काढलं. पहिल्यांदाच स्वतःहून. विचारलं, कुठल्या मंडळाच्या?

मी सांगितलं. त्यांनी सौ.कडे पाहिलं. सौ.ने खिडकीबाहेर पाहिलं. बाई जरा मऊ आवाजात म्हणाल्या, अहो, असं काही आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं. बसा, पाणी घेता का?

राजीनामा परत घेतला. जे कोणाला माहीत नाही ते सोडून काय उपयोग.

९ मार्च, दुपारी

सौ. समितीच्या पहिल्या बैठकीला गेली आहे. जाताना सांगून गेली, उशीर होईल, कुकरमध्ये बटाटे आहेत, तेवढे उकडून ठेवा. गॅस सापडला. कुकर लावला. शिट्ट्या किती करायच्या ते विचारायचं राहिलं.

संग्रहालयात फोन केला. वॉचमन म्हणाला, बैठक चालू आहे, नंतर करा.

सहावी शिट्टी झाली आत्ता.